नाव घेते, बीट चालू ठेव

मंदार, तुला गोड करायला निघाले होते सगळे.

मी मध्ये पडले नसते तर तुझ्या कवितांचा हा अल्बम बासरीनं सुरू होऊन बासरीनंच संपला असता. आणि तू, रॅपच्या स्टेजवरचा 'उज्जैनचा भेरू', ज्याला मराठी मंडळानं एकदा गणपतीच्या कार्यक्रमात अर्ध्या गाण्यावरून स्टेजखाली उतरवलं होतं, तो तू फ्रीगंजातल्या दुकानांमधून सकाळच्या भजनांच्या पाठोपाठ वाजला असतास. लोकांनी हात जोडले असते. तुला ते बघून काय वाटलं असतं ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून तर भांडले.

तू गेल्यावर सादिकला बीट बनवताच येईनात. शाळेपासूनचा तुझा मित्र, तुझ्या प्रत्येक गाण्याखालचा ताल त्याचा, आणि तो नुसता मशीनसमोर बसून राहायचा. मग एक दिवस घरी आला. चालता चालता फोनमध्ये बोलून तू त्याला ज्या कविता पाठवायचास, ज्यांचं अजून गाणं झालं नव्हतं, त्या साऱ्या त्यानं जपल्या होत्या. म्हणाला, "भाभी, ये ऐसे नहीं पड़े रहेंगे. हम गवाएँगे." इंदूरची एक गायिका तयार झाली, पुण्याची एक मुलगी, तुझ्या ऑफिसातला तो तबला वाजवणारा. एवढ्या लोकांना तू आवडत होतास हे मला माहीत नव्हतं. तापाचं निमित्त होऊन माणूस जातो, आणि मग घरी लोक येतात आणि आपल्याला न सांगितलेल्या गोष्टी सांगतात.

पहिलं गाणं ऐकायला मी भेरूगढला गेले. सादिकच्या चाचांचा कापड छापायचा कारखाना, त्याच्या मागची तुमची ती खोली. भिंतीपलीकडून ठप्प्यांचा आवाज येतच होता. लाकडी ठप्पा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मूठ मारायची. तुझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज आहे. कुणीतरी म्हणालं होतं, हा आवाज काढून टाका, प्रोफेशनल वाटत नाही. तू म्हणालास, मग भिंतच काढून टाकू, म्हणजे नीट तरी येईल.

तर सादिकनं गाणं लावलं. बासरी. मग इंदूरच्या बाईंचा सुरेख, भिजलेला आवाज:

माझी मराठी पुण्याला पोचेपर्यंत थकते,
देवासला चहा पिते, इंदूरला भटकते…

इतक्या सावकाश की देवासचा चहा गार झाला असता. आणि "थकते"वर अशी काही व्याकूळ तान, जणू तुझ्या मराठीला दवाखान्यात भरती केलंय. मंदार, ही कविता तू दात विचकून म्हणायचास! पुण्याच्या एका लग्नात कुणा काकूंनी माझ्या बोलण्याला "गोड हिंदी वळण" म्हटलं, त्यावर परतीच्या गाडीत चिडून केलेली ही कविता. त्यात थकवा नव्हता, खाज होती.

गाणं संपलं. सादिक माझ्याकडे बघेना.

"भाभी, ये तो भजन हो गया," तो म्हणाला.

"मग पुन्हा गाऊन घे."

"इतने प्यार से गाया है उन्होंने."

"प्रेमानं गायलंय म्हणूनच सांगते. तो रडका नव्हता. मी सांगते त्यांना, तू नको सांगूस."

मी सांगितलं. त्या पुन्हा आल्या, चांगल्या मनाच्या आहेत. मी खोलीत उभी राहून, वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावते तशी टाळी देत, तुझा वेग दाखवला. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण तुझा वेग मला पाठ आहे, कारण भांडताना तू त्याच वेगानं बोलायचास. बासरी निघाली. भिंतीपलीकडचा ठप्पा आत घेतला. आता ते गाणं ऐकलं की पुण्याच्या काकू कुठं असतील तिथं त्यांना ठसका लागेल. माणूस गेला की त्याचे काटे काढून फक्त पाकळ्या ठेवायच्या, ही आपल्याकडची जुनी सवय. तुझ्या बाबतीत मी ती चालू दिली नाही. अल्बममधली सगळी गाणी आता तुझ्यासारखी आहेत, थोडी उद्धट, थोडी घाईत.

राहिलं शेवटचं.

ते ऐकवायच्या आधी सादिक दोनदा पाणी प्यायला. म्हणाला, "ये उसने मुझे भेजा था. बोला था, संभाल के रख, एक दिन पूरा होगा." आणि आपलं स्वयंपाकघर वाजायला लागलं.

आधी बीट. मग तू, स्टेजवरच्या आवाजात: "उज्जैनवाल्यांनो, पहिल्यांदाच ऐका, आमच्या घरची मालकीण नाव घेते आहे. घे!" मग बीट मोकळा चालत राहतो. कुकरची शिट्टी होते. आणि मी, लांबून, वैतागलेली: "मंदार, गॅस बंद कर." तू हसतोस. "हे नाव घेणं नाही झालं. ही ऑर्डर झाली." संपलं.

मला ती दुपार आठवतसुद्धा नव्हती. अशा किती तरी दुपारी तू फोन घेऊन मागं लागायचास.

आपल्या लग्नापासूनचं भांडण हे. दारात तांदळाचं माप, मागं सगळं वऱ्हाड, आणि तुझ्या मावशीनं दोन्ही हातांनी दार अडवलेलं. "नाव घेतल्याशिवाय आत नाही सोडणार हां!" त्यांना उखाणा हवा होता. यमक जुळवून, लाजून, दोन ओळींच्या आडून घेतलेलं नवऱ्याचं नाव. मी सरळ म्हणाले, "मंदार." आणि माप ओलांडून आत आले.

"हे काय नाव झालं?" मावशी म्हणाली.

"तुम्ही नाव मागितलं, मावशी. मी घेतलं."

माझ्या आईनं कपाळाला हात लावला. आमच्या माहेरचे लोक दरबारच्या कारकुनीसाठी इकडं आलेले, पिढ्यान्‌पिढ्या शिस्तीचे. रेल्वेच्या बदलीवर आलेल्या तुझ्या घरच्यांसमोर मुलीनं अशी लाज काढलेली तिला सोसवेना. तू मात्र मुंडावळ्या सावरत खो खो हसत होतास. तेव्हाच मला वाटलं, या माणसाशी जमेल.

पण तू विसरणारा नव्हतास. तुझी तर सुरुवातच उखाण्यांपासूनची. शाळेत असताना कॉलनीतल्या नवऱ्या मुलींना उखाणे लिहून द्यायचास. बोलायला मराठी, पण लग्नात चारचौघांसमोर यमक जुळवायची वेळ आली की आमच्या उज्जैनच्या मुली हिंदीत शिरतात. मग मंदारला बोलवा. लोक म्हणायचे, रॅप मोबाइलवरून शिकला. तू म्हणायचास, आईकडून शिकलो, हळदीकुंकवात, बायकांच्या घोळक्यात मांडीवर बसून.

"रॅपर स्टेजवर चढतो आणि स्वतःचंच नाव घेतो," तू मला म्हणायचास. "आमची आई दोन ओळींत सासूला टोमणा मारायची, नणंदेच्या साडीला नावं ठेवायची, आणि शेवटी बाबांचं नाव घेऊन पदर सावरायची. कुणाची टाप नव्हती काही बोलायची. दम कुणात जास्त?"

"जिला एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची बंदी, तिला सणासुदीला यमकात बांधून परवानगी द्यायची. याला तू दम म्हणतोस?"

"परवानगी मिळाली दोन ओळींची, तिनं भरून काय काय नेलं ते बघ ना."

"मी तुला दिवसातून शंभरदा नावानं हाक मारते. मला नाही लागत परवानगी."

"हाक मारणं वेगळं, अनघा. नाव घेणं वेगळं."

"फरक सांग."

"सांगीन."

सांगितलं नाहीस. आणि तोपर्यंत स्वतःच माझं नाव घ्यायला लागलास. प्रत्येक शो संपताना, घामानं भिजलेला, हिंदीवाल्या गर्दीसमोर चक्क मराठीत उखाणा:

इंदूरवाल्यांनो, शो संपला, आता घरी निघा,
दार उघडून उभी असेल… नाव तिचं… अनघा!

पोरं ओरडायची, शिट्ट्या मारायची. मी घरी तुला सुनवायचे, मी दारबिर उघडून उभी नसते, तुझ्याकडे किल्ली आहे. मग पुढच्या शोला तू बदललंस:

कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, गणित शिकवते बघा,
या भेरूला भागते, गुणते… एकटी अनघा!

मला आवडायचं. मागच्या रांगेत उभी राहून मी शेवटच्या त्या दोन ओळींची वाट बघायचे. हे तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास, म्हणून सांगितलं नाही.

सादिकला ती मोकळी जागा तशीच ठेवता येईना. तुझा आवाज "घे" म्हणतो आणि पुढं कुणीच काही घेत नाही, हे ऐकवत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पुण्याच्या मुलीनं एक उखाणा लिहून पाठवला, स्वतःच्या आवाजात म्हणूनही पाठवला. शब्द सुंदर होते. त्यात तुला आकाशातला तारा केलं होतं. तू तारा कुठला! पोह्यांवर शेव नसेल तर बशी मागं सारणारा माणूस तू.

"ती जागा माझी आहे," मी म्हणाले.

सादिकनं विचारलं, "आप लोगी नाम?"

"दुसरं कोण घेणार?"

तेव्हा मला रामघाट आठवत होता. दहाव्याला घाटावर गुरुजींनी नाव विचारलं. मी पायऱ्यांवर बायकांच्यात बसले होते, तरी मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तुझ्या काकांनी सांगून टाकलं. नाव, गोत्र, सगळं. काकांचं काही चुकलं नाही, तशीच रीत आहे. पण मला वाटलं, ज्या बाईनं भर लग्नात तुझं नाव सगळ्यांसमोर टाकलं होतं, तिला आज कुणी साधं विचारलंही नाही. तिथं रडत नव्हते मी. सगळ्यांना वाटलं रडते आहे. मला राग आला होता.

आईंना कळायला वेळ लागला नाही. म्हणजे तुझ्या आई; बाबा गेल्यापासून त्या आपल्याकडेच. आता त्या आणि मी, दोघीच. संध्याकाळी गवारी मोडत बसल्या होत्या.

"अनघा, मी ऐकलं ते खरं आहे का? तू नाव घेऊन राहिली आहे, गाण्यात?"

"हो आई."

"नसतं घ्यायचं गं आता. लोक काय म्हणतील."

"कोण लोक?"

"मंडळातल्या बायका." मग हात थांबले. "आणि मलाच कसंतरी होईल. खोटं कशाला बोलू."

त्या खरं बोलल्या म्हणून मलाही खरं विचारता आलं. "बाबा गेल्यावर तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, आता नाव घेऊ नका म्हणून?"

"सांगितलं कोणी नाही." बराच वेळ त्यांनी एकच शेंग हातात धरली. "पहिल्या हळदीकुंकवाला गेले न मी, तर एकेकीला म्हणत होत्या, तुम्ही घ्या, तुम्ही घ्या. माझ्यापाशी आल्या आणि पुढच्या बाईला म्हणाल्या, तुम्ही घ्या. बस, एवढंच झालं."

"आणि तुम्ही?"

"मी काय. माझे तर चार उखाणे तयार होते." त्या थोड्या हसल्या. मग गवारीचं ताट माझ्याकडे सरकवलं, म्हणजे विषय संपला.

मी मोडत बसले. भाजी फोडणीला पडल्यावर त्याच म्हणाल्या, "काय लिहिलं आहे, म्हणून तर दाखव."

म्हटलं. वर न बघता ऐकलं त्यांनी, आणि पहिलं वाक्य काय, तर, "पळत जाते तू. गणिताचं उत्तर आहे का ते? नावाच्या आधी थांब. इतकं थांब की लोकांना वाटलं पाहिजे, विसरली बिचारी. मग घे."

मंदार, मी चमच्यासकट उभी राहिले. शोमध्ये माझ्या नावाच्या आधी तू थांबायचास ना, पोरांचा श्वास अडकेपर्यंत, ते थांबणं या स्वयंपाकघरातून गेलेलं होतं. तू खरंच सांगत होतास, आईकडून शिकलो. मला नेहमी वाटायचं मुलाखतीत बरं दिसतं म्हणून म्हणतोस.

मग मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. अल्बमचा पहिला कार्यक्रम त्यांच्याच हॉलमध्ये व्हायचा होता. फार अदबीनं बोलले. "ताई, बाकी सगळं उत्तम आहे. तेवढं शेवटचं गाणं हॉलमध्ये नको वाजवायला. वयस्क मंडळी येतात. त्यांना ते बरं नाही वाटणार."

"माझ्या सासूबाई वयस्कच आहेत," मी म्हणाले.

"तसं नाही ताई, तुम्ही समजून राहिल्या आहात मला काय म्हणायचं आहे ते."

समजले होते. तुला स्टेजखाली उतरवलं तेव्हाही ते असंच गोड बोलले होते, आणि तू भांडला नाहीस, टाळ्या वाजवत खाली उतरलास. मला तो तुझा मोठेपणा कधी पटला नाही. मी सांगितलं, हॉल राहू द्या, भेरूगढला चाचांच्या अंगणात करू. छापलेली कापडं वाळत घालतात तिथं. रविवारी कारखाना बंद असतो, पण चाचा म्हणाले, ठप्पे चालू ठेवतो, त्यांच्याशिवाय त्याचं गाणं कसं व्हायचं. सेक्रेटरींना म्हटलं, तुम्हीही या, खुर्ची ठेवते. ते येतील असं मला वाटत नाही. आले तर पहिल्या रांगेत बसवीन.

काल रेकॉर्डिंगला निघाले, तर आई चपला घालून तयार. रिक्षात म्हणाल्या, "मी फक्त ऐकणार आहे हां. मला म्हणायला नाही लावायचं." मी हो म्हटलं. खोलीत सादिकनं त्यांना छापलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसवलं. त्यानं विचारलं, "चाचा से बोलूँ, थोड़ी देर रोक दें?" मी म्हटलं, नको, चालू दे.

कानाला हेडफोन लावले आणि अवघड झालं. तुझा आवाज आला की मला ओ द्यावीशी वाटायची. घे म्हणालास की जीभ म्हणायची, काय रे, किंवा थांब, किंवा गॅस बंद कर. पुन्हा पुन्हा बीट निघून जायचा आणि मी तशीच उभी. सादिक दरवेळी पुन्हा सुरुवातीला न्यायचा. मला वाटलं, जमणार नाही, हे तुझं काम आहे, माझं नाही.

आणि तिथं उभ्या उभ्या मला तो फरक कळला, तू सांगीन म्हणून न सांगितलेला. हाक मारली की ओ यावी लागते. तू गेल्यापासून मी घरात कितीदा चुकून हाक मारली आहे, आणि ओ येत नाही म्हणून तोंड मिटून घेतलं आहे. नाव घ्यायला ओ लागत नाही. ज्याचं नाव घ्यायचं तो तिथं नसला तरी चालतो. ऐकणारे असले की झालं, आणि घेणारी असली की झालं. म्हणजे मला हे आयुष्यभर करता येईल, मंदार. कुणी मला वगळून पुढच्या बाईकडे जाऊ शकणार नाही.

तरी तुझं सगळं म्हणणं मी मान्य केलेलं नाही. परवानगी आणि दम यावर मला अजून बरंच बोलायचं आहे, आणि तू मध्येच उठून गेलास म्हणून तू जिंकलास असं होत नाही.

"बीट चालू ठेव," मी सादिकला म्हणाले. भिंतीपलीकडं ठप्पा पडला. कानात तू म्हणालास, घे.

सगळे म्हणाले घे, तेव्हा माझा नकार,
सगळे म्हणाले नको, तेव्हा उघडलं दार,
भेरूगढचा ठप्पा, शिप्रेची धार,
भांडण अर्धं टाकून गेला, त्याचं नाव…

थांबले. सादिकनं मान वर केली, त्याला वाटलं मी विसरले. गठ्ठ्यावरून आईंनी हात वर धरला होता, अजून थांब, अजून. मग त्यांनी हात खाली घेतला.

मंदार.